महाडची डिसेंबर १९२७ ची मिरवणूक

मुंबईहून महाडास जाण्याचा १९२७ सालचा जवळचा मार्ग म्हणजे बोटीनें धरमतरास उतरून, तेथून नागोठण्यावरून मोटारीनें पुढें जाणें. तथापि २४ डिसेंबर रोजीं डॉ. भीमराव आंबेडकर व दोनशेंहून अधिक प्रतिनिधि ‘पद्मावती’ बोटीनें लांबच्या वाटेनें दासगांवास निघाले व तेथून सुमारें पांच मैल चालून महाडास पोंचले. धरमतरचे मोटारवाले अस्पृश्यांस गाडींत घेणार नाहींत, अशी रास्त भीति होती. चालकांनीं परिषदेची आंखणी किती सावधपणें केली होती, हें एवढ्यावरूनही ध्यानांत येतें.

महाडचें चवदार तळें नगरपालिकेनें ५ जानेवारी १९२४ च्या ठरावानें सर्वांस खुलें केलें होतें. २० मार्च १९२७ रोजीं आंबेडकर व त्यांचे अनुयायी यांनीं तेथें पाणी प्राशन केल्यावर प्रतिनिधींवर हल्ले झाले, आणि ४ ऑगस्ट रोजीं नगरपालिकेनें तो ठरावच रद्द केला. तेव्हां डिसेंबरांत सत्याग्रहाचा बेत ठरला. तो हाणून पाडण्यासाठीं सनातनी मंडळींनीं दिवाणी दावा लाविला व १४ डिसेंबर रोजीं तात्पुरता मनाईहुकूम मिळविला.

चालकांची खरी कसोटी येथें लागली. हिंदु मालकांकडून मंडपासाठीं जागा मिळेना. ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनीं दिली. सुमारें चार हजार लोकांनीं सत्याग्रहासाठीं नांवें नोंदविलीं होतीं, आणि इतका समुदाय पुढें नेण्याहून मागें फिरविणें अधिक कठीण. कलेक्टरानेंही परिषदेंत येऊन कोर्टाचा हुकूम मोडूं नये असें सांगितलें. हुकूम मोडल्यास झगडा सरकारशींही जुंपला असता व मूळ प्रतिपक्ष स्वस्थ बसून मौज पाहता, हें उघडच आहे. अखेर दाव्याचा निकाल लागेपर्यंत सत्याग्रह तहकूब ठेविण्याचा ठराव झाला.

पण मनाई तळ्यावर जाऊन पाणी घेण्याची होती. भोंवतालच्या रस्त्यानें चालण्याची नव्हती. प्रतिनिधींची मोठी मिरवणूक गांवांतून निघाली, तळ्यास वळसा घालून पाण्यास न शिवतां मंडपांत परतली. या परिषदेची आठवण लोक बहुधा २५ डिसेंबरच्या मनुस्मृतिदहनावरूनच ठेवितात. आमच्या मतें ही मिरवणूकही तितक्याच अभ्यासास पात्र आहे.

तो मनाईहुकूम २३ फेब्रुवारी १९२८ रोजीं उठला. दावा मात्र पुढें चालला. ८ जून १९३१ रोजीं महाडच्या कोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनें लागला. आणि त्यांस वगळण्याची चाल अनादि असल्याचें सिद्ध होत नाहीं, असें ठरवून १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टानें तो कायम केला.