वजनाचा कांटा कां थांबतो?

मुंबईंतील शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोंवतीं किंवा पुण्यांतील पर्वतीच्या पायऱ्यांवर पहांटे फिरावयास येणाऱ्या मंडळींत एक गृहस्थ हटकून भेटतो. नांव निराळें असेल, पण कहाणी तीच. डॉक्टरांनीं रक्तांतील साखरेचा इशारा दिला. गृहस्थानें गोड सोडलें, रोज तासभर चालण्याचा नेम धरला आणि तीन महिन्यांत ८० किलोंचें वजन ७४ वर आणलें. घरच्या मंडळींनीं कौतुक केलें. पुढें मात्र कांटा होता तेथेंच रुतून बसला. चालणें तेंच, पथ्य तेंच. पण दोन महिन्यांत तसूभर फरक नाहीं. मग एके दिवशीं तो अंथरुणांतच पडून राहतो आणि म्हणतो, "देहच साथ देत नाहीं, तर ही वणवण कशाला?" श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं हें वाक्य ऐकूं आलें असेल. खरा धोका याच क्षणीं असतो. कारण नेम मोडला कीं उतरलेलें वजन परत येण्यास वेळ लागत नाहीं.

कांटा थांबतो यांत दैवाचा कोप नाहीं, आणि बहुधा आळसहि नाहीं. शरीराचा जमाखर्च समजून घेतला कीं उलगडा होतो. अन्नांतून मिळणारी शक्ति उष्मांकांत, म्हणजे कॅलरींत मोजतात. बैठें काम करणाऱ्या माणसाच्या दिवसभराच्या खर्चापैकीं शेंकडा ६० ते ७० भाग केवळ जिवंत राहण्यांत खर्ची पडतो. हृदय, मेंदू, यकृत यांचें काम झोपेंतहि चालूंच असतें. शेंकडा १० च्या आसपास भाग अन्न पचविण्यांत जातो, आणि उरलेलाच काय तो हालचालीच्या वांट्याला येतो. ७० किलो वजनाचा माणूस ताशीं ५ किलोमीटर वेगानें तासभर चालला, तर सुमारें २५० उष्मांक खर्चतो; त्यांतले ७० तर नुसतें बसूनहि खर्च झाले असते.

आरंभींचें वजन भराभर उतरतें, त्याचें एक कारण पाणी. यकृतांत व स्नायूंत साखरेचा जो सांठा असतो, त्याच्या प्रत्येक ग्रॅमामागें सुमारें ३ ग्रॅम पाणी बांधलेलें असतें. आहार कमी होतांच हा सांठा घटतो आणि पाणीहि निघून जातें. तो वेग पुढें टिकणें शक्यच नसतें. शिवाय हलकें शरीर चालविण्यास खर्चहि कमी लागतो. ज्या जेवणावर ८० किलोंचा देह झिजत होता, तेंच जेवण ७४ किलोंच्या देहाला पुरेसें होत जातें.

याखेरीज शरीर स्वतःहून काटकसर करतें, ती निराळीच. पगार घटला कीं जाणती गृहिणी कोणाला न सांगतां दिवाबत्तीपासून खर्च आंवळते, तसाच हा प्रकार. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ सालीं, अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत अँसेल कीज या शास्त्रज्ञानें ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धानें उपासमार झालेल्या जनतेला पुन्हां कसें पोसावें, हें जाणण्याचा त्याचा हेतु होता. या स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटीं ठेवलें व आठवड्याला २२ मैल चालविलें. त्यांचें वजन सुमारें चतुर्थांशानें घटलें. पण विश्रांतीच्या स्थितींतील त्यांचा उष्मांकांचा खर्च शेंकडा ४० च्या आसपास उतरला, म्हणजे वजनापेक्षां कितीतरी अधिक. त्यांना थंडी वाजूं लागली, हालचाल नकोशी झाली, आणि रात्रंदिवस अन्नाचेच विचार मनांत घोळूं लागले. प्रयोगाच्या शेवटीं शेवटीं वजनाची घट मंदावत गेली. हें टोंकाचें उदाहरण खरें. परंतु मध्यम पथ्यांतहि हीच प्रवृत्ति सौम्य रूपानें दिसते. १९९४ सालीं लेप्टिन या द्रव्याचा शोध लागला. चरबी घटली कीं रक्तांतील त्याचें प्रमाण उतरतें आणि मेंदू भुकेची घंटा अधिक जोरानें वाजवितो.

व्यायामानें ही तूट भरून काढावी म्हटलें, तर तेथेंहि मर्यादा आहे. टांझानियांतील हाड्झा लोक शिकार व कंदमुळें यांवर जगतात आणि दिवसभर पायपीट करतात. हर्मन पाँट्झर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या मोजणींत, देहाचा आकार लक्षांत घेतां त्यांचा एकूण खर्च शहरी पाश्चात्त्यांइतकाच भरला. आपल्याकडचा गृहस्थहि सकाळीं तासभर चालतो, आणि मग नकळत दिवसभर लिफ्ट वापरतो, पाण्याचा पेला हातांत मागतो. कमावलेलें असें घरांतच खर्ची पडतें.

आणखी एक कारण जरा बोंचणारें आहे. न्यूयॉर्कमध्यें १९९२ सालीं, 'कितीहि कमी खाल्लें तरी वजन उतरत नाहीं' अशी तक्रार असलेल्या कांहीं व्यक्तींची तपासणी झाली. सांगितलेला आहार खऱ्या आहाराहून जवळजवळ निम्म्यानें कमी होता, आणि सांगितलेला व्यायाम खऱ्याच्या दीडपट होता. हे लोक लबाड नव्हते. मूठभर शेंगदाणे, मुलाच्या ताटांत उरलेला घांस, फोडणींतलें तेल यांचा हिशेब मनांत राहत नाहीं इतकेंच.

मग करावें काय? प्रथम कांटा खरोखर थांबला आहे कीं नाहीं तें पाहावें. पाणी व मीठ यांमुळें वजन दिवसागणिक किलोभर इकडे तिकडे होतें. म्हणून सकाळीं उपाशीपोटीं वजन करून आठवड्याची सरासरी काढावी, आणि चार आठवड्यांच्या आंत निकाल देऊं नये. त्याबरोबर कंबरेचें मापहि घ्यावें. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट'मध्यें स्वतःचेंच उदाहरण दिलें. उंचीच्या मानानें दोघांचेंहि वजन सारखें, पण शरीरांतील चरबी एकाची शेंकडा २१.२ तर दुसऱ्याची ९.१, अधिक चरबी अर्थात् पुण्याच्या डॉक्टरांची! भारतीय देहांत स्नायू कमी व चरबी अधिक असण्याचा कल आहे. कांटा स्थिर असतांना कंबर उतरत असेल, तर काम चालूंच आहे असें समजावें. पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही भारतीयांसाठीं धोक्याची रेषा मानतात.

दुसरी गोष्ट, पंधरा दिवस तोंडांत जाईल तें सर्व लिहून ठेवावें आणि घरांतलें तेल मोजावें. महिन्याचें तेल भागिलें खाणारीं माणसें, एवढेंच गणित पुरे. माणशीं महिन्याला एक लिटर तेल म्हणजे रोजचे सुमारें २७० उष्मांक. तासाभराच्या चालण्यानें जो जादा खर्च होतो, त्याहूनहि हें अधिक. जेवण मात्र आणखी तोडूं नये; त्यानें स्नायू झिजतात आणि भूक सूड घेते. त्याऐवजीं डाळ, उसळ, दहीं, अंडीं यांचा वांटा वाढवून भात व पोळी थोडी आंवरावी.

तिसरी गोष्ट, व्यायामाचा पालट. चालणें सोडूं नये, पण आठवड्यांतून दोन दिवस जोर, बैठका किंवा वजनें उचलणें यांची भर घालावी, म्हणजे स्नायू टिकतात. बाकीच्या वेळींहि उठबस ठेवावी. झोंपेची काटकसर करूं नये. अपुऱ्या झोंपेंत पथ्य केल्यास चरबी कमी व स्नायू अधिक झडतात, असें शिकागोंतील २०१० च्या एका छोट्या प्रयोगांत दिसलें. एवढें करूनहि कांटा हलत नसेल किंवा वजन उलट वाढत असेल, तर कंठग्रंथीचा विकार आहे काय, चालूं औषधांचा हा परिणाम आहे काय, हें डॉक्टरांकडून तपासून घ्यावें. औषध मात्र आपल्या मनानें बंद करूं नये.

त्या अंथरुणांत पडलेल्या गृहस्थाला सांगण्यासारखी गोष्ट शेवटीं एकच उरते. मूळ वजनाचा शेंकडा ५ इतका भाग उतरला, तरी रक्तांतील साखर व रक्तदाब यांना लाभ होतो. त्यानें तर शेंकडा साडेसात उतरविला आहे. चालण्यानें स्नायू रक्तांतली साखर अधिक चांगल्या रीतीनें वापरतात, आणि त्यासाठीं कांटा हलण्याची गरज नसते. वजन उतरविण्यांत आहाराचा हात मोठा, पण उतरलेलें वजन राखण्यांत नित्य व्यायामाचा. शरीर खर्च आंवळीत आणि भूक वाढवीत असतां वजन जागच्या जागीं राहणें, ही हार नव्हे. चढणीवरचा माणूस श्वास घेण्यासाठीं पायरीवर थांबतो. थांबला म्हणून तो कांहीं खालीं उतरत नाहीं.