वर्गात येऊ दे अंटार्क्टिका!

मे महिन्यात भवानीनगरला भर दुपारी बाहेर पडून बघा. डांबराचा चटका चपलेतून लागतो. इथल्या सातवीतल्या पोराला 'उणे पन्नास अंश' सांगितलं तर तो हसेल, नाहीतर पाठ करून पेपरात लिहून येईल. ध्रुव म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातलं एक पान, दोन मार्कांचं!

पण ध्रुव आपल्यापासून तेवढाही लांब नाही. याच इंदापूर तालुक्यात, भिगवणला उजनीच्या काठावर हिवाळ्यात जा. चिखलात तुरुतुरु पळणारा, चिमणीएवढा लिटल स्टिंट दिसेल. त्याचं घरटं असतं आर्क्टिकच्या टुंड्रात. म्हणजे दरवर्षी ध्रुवाकडचा पाहुणा आपल्याकडे येतोच. मग ध्रुवावर काम करणारा माणूस आपल्या शाळेत का येऊ नये? निदान स्क्रीनवर तरी?

'त्याने काय होणार?' असं वाटत असेल, तर ही साखळी वाचा.

ॲलिस्टर हार्डी नावाचे ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ 1925 ते 27 या काळात 'डिस्कव्हरी' जहाजावरून दक्षिण महासागरात फिरले. समुद्रातले सूक्ष्म जीव हा त्यांचा विषय. पुढे 1956 मध्ये त्यांनी 'द ओपन सी' हे पुस्तक लिहिलं. ते पुण्यात बी.एस्सी. करणाऱ्या एका मुलीच्या हाती पडलं आणि तिने ठरवलं, आपण समुद्रच शिकायचा. ही मुलगी म्हणजे नागपुरात जन्मलेल्या अदिती पंत. हवाईला एम.एस., लंडनला पीएच.डी. आणि मग गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. 1983 च्या डिसेंबरमध्ये निघालेल्या तिसऱ्या भारतीय मोहिमेतून त्या आणि भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकाला पोचल्या. तिथे जाणाऱ्या पहिल्या भारतीय महिला या दोघीच! भारताचं पहिलं केंद्र 'दक्षिण गंगोत्री' त्याच मोहिमेत उभं राहिलं.

प्रत्यक्ष काम केलेल्या माणसाचं एक पुस्तक, तेही न भेटता, एवढं करू शकतं. मग तोच माणूस समोर बसून पोरांच्या प्रश्नांना उत्तरं देत असेल तर?

पोरं काय विचारतील, ते आत्ताच सांगता येईल. तिथे अस्वल मागे लागतं का? (नाही. पांढरी अस्वलं उत्तरेला, पेंग्विन दक्षिणेला.) अंघोळ कशी करता? कचरा कुठे टाकता? या शेवटच्या प्रश्नावर हसू येईल, पण त्याचं उत्तर थेट आंतरराष्ट्रीय करारापर्यंत जातं. 1991 च्या माद्रिद करारानुसार बहुतेक कचरा तिथे टाकता येत नाही, तो जहाजाने परत आणावा लागतो. आपल्या गावच्या ओढ्याकडे बघून पोरं पुढचा प्रश्न स्वतःच विचारतील.

मग येतो बर्फ. अंटार्क्टिकात बर्फाचे थर वर्षानुवर्षं एकावर एक साचतात आणि त्यांत त्या त्या काळच्या हवेचे बुडबुडे अडकून राहतात. बोअर घेतात तसं खोल छिद्र पाडून बर्फाचा लांब दांडा बाहेर काढायचा, म्हणजे आइस कोअर. त्यातली हवा तपासली की कळतं, गेल्या 8 लाख वर्षांत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत साधारण 300 च्या वर गेलेला नव्हता. आज तो 420 च्या पुढे आहे. जानेवारी 2025 मध्ये युरोपीय चमूने 2,800 मीटर खोल जाऊन 12 लाख वर्षांहून जुना बर्फ वर काढला. आर्क्टिकचा बर्फ घटल्याने आपल्या मान्सूनवर नेमका काय परिणाम होतो, यावर संशोधन अजून चालू आहे. ज्यांच्या घरचा ऊस नीरा कालव्याच्या पाण्यावर उभा आहे, त्या पोरांना हा प्रश्न परका कसा वाटेल? आणि 'हे आम्हालाही अजून पूर्ण कळलेलं नाही' हे वाक्य शास्त्रज्ञाच्याच तोंडून ऐकलं, की विज्ञान संपलेलं नाही, आपल्यासाठी काम शिल्लक आहे, हेही कळतं.

आणखी एक गोष्ट. आपल्या 'मैत्री' आणि 'भारती' या केंद्रांवर फक्त शास्त्रज्ञ नसतात. डॉक्टर, स्वयंपाकी, वेल्डर, जनरेटर सांभाळणारे, गाड्यांचे मेकॅनिक यांच्याशिवाय तिथला एक दिवसही निघणार नाही. गोव्यात वास्कोला असलेलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र या मोहिमा चालवतं. निवड झालेल्यांची वैद्यकीय तपासणी होते, औलीच्या बर्फात प्रशिक्षण होतं. साखर कारखान्यात फिटर असलेल्या बापाच्या पोराने हे ऐकलं पाहिजे, की नाही?

आता तुमचा रोल. हो, तुमचाच! ध्रुवीय विषयातल्या तरुण संशोधकांची 'अपेक्स' नावाची जागतिक संघटना आहे. दरवर्षी मार्च आणि सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र सारखे असतात त्या सुमारास, ती 'पोलर वीक' साजरा करते. 2017 पासून 'स्काइप अ सायंटिस्ट' हा उपक्रम शाळांना शास्त्रज्ञांशी फुकट जोडून देतो. वास्कोच्या केंद्रालाही ईमेल लिहिता येईल. लॅपटॉप, बरं नेटवर्क आणि एक उत्साही शिक्षक एवढं जमलं की झालं. पोरांकडून प्रश्न आधीच वहीत लिहून घ्या, म्हणजे ऐनवेळी सगळे गप्प बसणार नाहीत.

खरी अडचण वेगळीच आहे. हार्डींचं पुस्तक इंग्रजीत होतं. आजही समोरचा शास्त्रज्ञ बहुधा इंग्रजीतच बोलेल, आणि मराठी शाळेतली हुशार पोरगी 'आपलं इंग्लिश चुकेल' म्हणून हात खालीच ठेवेल. तिच्या आणि त्या बर्फाच्या मध्ये एवढीच एक भिंत आहे. तुम्ही त्याच शाळेतून पुढे गेलेले, दोन्ही भाषांत बऱ्यापैकी वावरणारे. तासभर तिच्या शेजारी बसा. ती मराठीत विचारेल, तुम्ही फक्त तिचा प्रश्न पलीकडे पोचवा.

पुढचं ती बघेल.