कर्करोगाला चिकटणारे जंतु

मोहरीचा अख्खा दाणा जिभेवर ठेवला तर तो फारसा झोंबत नाहीं; तीच मोहरी पाणी घालून फेसली कीं नाकांत झिणझिण्या येतात. हा तिखटपणा दाण्यांत तयार नसतो. दाण्यांत एके ठिकाणीं एक सौम्य द्रव्य असतें व दुसऱ्या ठिकाणीं ‘मायरोसिनेज’ नांवाचें विकर असतें. दाणा फुटून दोघांची गांठ पडली, म्हणजे त्या सौम्य द्रव्याचें विघटन होऊन झणझणीत द्रव्य उत्पन्न होतें. कोबी, नवलकोल, मुळा व ब्रॉकोली हीं सारीं मोहरीच्याच कुळांतलीं. ब्रॉकोलींतून याच रीतीनें ‘सल्फोराफेन’ निघतें, आणि कर्करोगाच्या पेशींचा नाश करण्याचा गुण त्याच्या अंगीं असल्याचें प्रयोगशाळेंत दिसून आलें आहे. परंतु भाजी चांगली शिजवली कीं विकर निकामी होतें. शिवाय हें द्रव्य मोठ्या आतड्यांतील नेमक्या गांठीपाशीं उत्पन्न व्हावें कसें?

सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठांतील मॅथ्यू चांग व त्यांचे सहकारी यांनीं २०१८ सालीं या प्रश्नाचें जें उत्तर प्रसिद्ध केलें तें मोठें कौतुकास्पद आहे. विकर तयार करण्याचें काम त्यांनीं एका जंतूवर सोंपविलें.

या जंतूचा पूर्वेतिहासहि मनोरंजक आहे. पहिल्या महायुद्धांत, १९१७ सालीं, जर्मनींतील फ्रायबुर्ग येथें डॉक्टर आल्फ्रेड निस्ले यांना एक सैनिक आढळला. सोबतचे शिपाई आतड्यांच्या विकारानें हैराण झाले असतां हा मात्र ठणठणीत होता. त्याच्या मळांतून निस्ले यांनीं ‘इ. कोलाय’ जातीचा एक जंतु वेगळा काढला. त्याच जंतूची संतति पुढें पोटाच्या विकारांवर औषध म्हणून दिली जाऊं लागली.

पण आतड्यांत अन्नाचा ओघ सारखा पुढें सरकत असतो. जंतु त्याबरोबर वाहून गेला तर विकर भलतीकडेच सांडावयाचें! म्हणून त्याला गांठीवर घट्ट धरून ठेवणें अवश्य होतें. येथें एका दुसऱ्याच जंतूचें साहाय्य झालें. ‘स्ट्रेप्टोकॉकस गॅलोलिटिकस’ हा जंतु मोठ्या आतड्याच्या कर्करोगाबरोबर वारंवार आढळतो; रोग्याच्या रक्तांत तो सांपडला तर जाणते डॉक्टर आतडें तपासावयास सांगतात. या जंतूपाशीं एक प्रथिन असतें, आणि कर्कपेशीच्या पृष्ठभागावरील ‘हेपॅरन सल्फेट’ या शर्करायुक्त द्रव्याला तें जाऊन चिकटतें. संशोधकांनीं तें प्रथिन घडविणारा जीन निस्ले यांच्या जंतूंत घातला व प्रथिन त्याच्या अंगावर बाहेरून लागेल अशी योजना केली. चोराचीच किल्ली पहारेकऱ्याच्या हातीं दिली म्हणा ना!

परीक्षापात्रांत हा जंतु व भाजीचा अर्क एकत्र दिला असतां आतड्याच्या कर्करोगाच्या ९५ टक्क्यांहून अधिक पेशी मेल्या; स्तनाच्या व जठराच्या कर्कपेशींवर मात्र कांहीं परिणाम झाला नाहीं. नंतर आतड्यांत गांठी असलेल्या उंदरांना जंतु व ब्रॉकोली खाऊं घातली, तेव्हां गांठींची संख्या ७५ टक्क्यांनीं घटली व उरलेल्या गांठी सुमारें एकतृतीयांश आकाराच्या होत्या.

उद्यांपासून कोबीची कोशिंबीर खाल्ली म्हणजे झालें, असें कोणा श्रोत्याच्या मनांत येईल. तर तसें नव्हे. ही गोष्ट उंदरांची आहे. ज्याला गांठ झाली आहे त्यानें शस्त्रक्रिया लांबणीवर टाकून भाजीवर विसंबणें हें प्राणाशीं खेळणें होय. संशोधकांचा हेतुहि निराळा आहे: रोगाला आधींच आळा घालावा, किंवा शस्त्रक्रियेनंतर मागें राहिलेल्या तुरळक पेशी वेंचून काढाव्या.

आणखी एक खोंच आहे. निस्ले यांच्या जंतूच्या अंगीं ‘कोलिबॅक्टिन’ नांवाचें द्रव्य निर्माण करणारे जीन मुळांतच आहेत, आणि हें द्रव्य पेशींतील आनुवंशिक द्रव्याला, म्हणजे डीएनएला, इजा करतें. अशा इजेच्या खुणा आतड्याच्या कांहीं कर्करोगांत सांपडल्या आहेत. तेव्हां जो जंतु कर्करोगावर धाडावयाचा, त्याच्या स्वतःच्या खिशांत काय आहे याची झडती आधीं घ्यावी लागते.