दोन बहिणींचा चषक

कर्टिस कप ही अमेरिका आणि ग्रेट ब्रिटन-आयर्लंड यांच्या हौशी महिला गोल्फ संघांमधली स्पर्धा. दर दोन वर्षांनी ती आळीपाळीने अटलांटिकच्या या आणि त्या किनाऱ्यावर होते. पहिला अधिकृत सामना १९३२ साली इंग्लंडमध्ये वेंटवर्थला झाला. तेव्हापासून २०२४ पर्यंत ४३ सामने झाले. त्यांपैकी ३१ अमेरिकेने जिंकले, ९ ब्रिटन-आयर्लंडने आणि ३ बरोबरीत सुटले. आकडे एकतर्फी आहेत, आणि पुष्कळ वर्षे खेळही तसाच झाला. मात्र जय-पराजयाच्या या तक्त्यापेक्षा संघांच्या याद्या वाचण्यात जास्त रस आहे. पैसे न घेता गोल्फ खेळणे कोणत्या काळात कोणत्या बायकांना परवडत होते, हे त्या याद्यांवरून कळते.

चषकाला नाव मिळाले ते बॉस्टनच्या हॅरिएट आणि मार्गारेट कर्टिस या बहिणींवरून. दहा भावंडांच्या खात्यापित्या घरातल्या या मुली बॉस्टनजवळच्या मँचेस्टर गावातल्या एसेक्स काउंटी क्लबवर गोल्फ शिकल्या. हॅरिएटने १९०६ साली अमेरिकेचे हौशी महिला विजेतेपद मिळवले. पुढच्याच वर्षी अंतिम फेरीत तिच्यासमोर उभी राहिली ती सख्खी धाकटी बहीण. मार्गारेटने ताईचे विजेतेपद काढून घेतले आणि १९११ व १९१२ साली ते पुन्हा जिंकले. १९०८ मध्ये ती टेनिसच्या राष्ट्रीय दुहेरीतही विजेती होती. दोघींचे आयुष्य मैदानापुरते मात्र नव्हते. पहिल्या महायुद्धात मार्गारेटने पॅरिसमध्ये रेडक्रॉसचे काम केले. हॅरिएटने पुढे व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन इन्स्टिट्यूट या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेत विद्यार्थिनींच्या प्रमुखपदाची जबाबदारी सांभाळली.

स्पर्धेचे मूळ १९०५ सालात सापडते. ब्रिटिश महिला विजेतेपदासाठी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या क्रोमर गावी जगभरच्या खेळाडू जमल्या होत्या. त्यांत कर्टिस बहिणीही होत्या. स्पर्धेआधी अमेरिकन आणि ब्रिटिश खेळाडूंनी आपसांत एक सामना लावला आणि यजमान बायकांनी तो ६–१ असा सहज जिंकला. हरलेल्या बाजूला हा प्रकार इतका आवडला की असे सामने नेमाने व्हावेत, असे बहिणींच्या मनाने घेतले. पण तो योग यायला सत्तावीस वर्षे लागली. मध्ये महायुद्ध आले, आणि त्याहून चिवट अडचण पैशाची होती. संघ बोटीने समुद्रापार पाठवायचा, तिथे राहायची सोय करायची, तर खर्च कोणी उचलायचा? हौशी पुरुषांचा वॉकर कप १९२२ साली सुरू झाला, व्यावसायिकांचा रायडर कप १९२७ साली. महिलांच्या सामन्याचे घोडे गोल्फ संघटनांच्या पत्रव्यवहारातच अडले होते.

१९२७ साली बहिणींनी चषक करवून घेतला आणि देऊन टाकला. तो चांदीचा वाडगा आहे, बॉस्टनचा अठराव्या शतकातला चांदीकाम करणारा पॉल रिव्हिअर याच्या घडणीचा. या घडणीचा नामांकित वाडगा रिव्हिअरने १७६८ साली बनवला, तो ब्रिटिश सत्तेपुढे न नमलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या ९२ लोकप्रतिनिधींच्या सन्मानार्थ. सात वर्षांनी इंग्रजांची फौज चालून येत असल्याची वर्दी द्यायला रात्री घोड्यावरून दौडला तोही हाच रिव्हिअर. ब्रिटनशी स्नेह वाढवायला दिलेल्या भांड्याचा घाट असा बंडखोर आहे, याचे बॉस्टनमधल्या कोणाला वावगे वाटल्याचे दिसत नाही. चषकावरच्या लेखात अनेक देशांच्या महिला गोल्फपटूंमध्ये मैत्रीची चुरस वाढावी, असा हेतू कोरलेला आहे. तो सर्वार्थाने कधीच साधला नाही. फ्रान्सनेही यात यावे असा विचार होता, पण चषक आजवर दोनच संघांचा राहिला.

संघटनांना हलवले ते खेळाडूंनीच. १९२९ साली सेंट अँड्र्यूजला ब्रिटिश विजेतेपदाच्या अंतिम फेरीत जॉयस वेदर्डने अमेरिकेच्या ग्लेना कोलेटला हरवले. पुढच्या वर्षी कोलेट पुन्हा अंतिम फेरीत पोचली आणि या वेळी डायना फिशविककडून हरली. त्याच वर्षी तिने सोबतच्या अमेरिकन खेळाडूंना घेऊन लंडनजवळच्या सनिंगडेलवर ब्रिटिश संघाशी अनौपचारिक सामना खेळला. तो ब्रिटिशांनी ८½–६½ असा जिंकला. सामन्याला लोटलेली गर्दी पाहून दोन्हीकडच्या संघटनांची कळी खुलली आणि १९३२ साल नक्की झाले.

स्पर्धेची रीत इथे सांगितली पाहिजे. गोल्फमध्ये एरवी सगळ्या होलचे फटके बेरजेने मोजतात. इथे प्रत्येक होल ही स्वतंत्र लढत असते. कमी फटक्यांत चेंडू खळग्यात घालणारी तो होल जिंकते. आघाडी उरलेल्या होलपेक्षा जास्त झाली की सामना तिथेच संपतो. जिंकणाऱ्या संघाला एक गुण, बरोबरी झाली तर दोघांना अर्धा. ‘फोरसम’ या प्रकारात जोडीतल्या दोघी एकच चेंडू आळीपाळीने मारतात. म्हणजे एकीने झाडीत घातलेला चेंडू दुसरीने बाहेर काढायचा. संपूर्ण सामना बरोबरीत सुटला तर चषक ज्यांच्याकडे आधीपासून आहे त्यांच्याकडेच राहतो. तीनही बरोबऱ्यांमध्ये हा नियम निर्णायक ठरला.

वेंटवर्थला तीन फोरसम आणि सहा एकेरी असे नऊ गुण पणाला होते. ब्रिटनची कर्णधार स्वतः वेदर्ड होती, अमेरिकेची मॅरियन हॉलिन्स. फोरसम हा ब्रिटिशांच्या घरचा प्रकार, अमेरिकन बायकांना तो फारसा परिचयाचा नव्हता. तरी तिन्ही फोरसम अमेरिकेने जिंकले. दुपारच्या एकेरीत वेदर्डने कोलेटला (आता ती लग्न होऊन ग्लेना कोलेट व्हेअर झाली होती) चार होल शिल्लक असतानाच सहा होलने हरवले आणि ब्रिटनने एकेरीत सरशीही मिळवली. पण सकाळची तूट भरून निघाली नाही. अमेरिका ५½–३½ ने विजयी झाली.

त्या काळच्या गुणफलकांवर ‘मिसेस एल. डी. चेनी’, ‘मिसेस जे. बी. वॉटसन’ अशी नावे दिसतात. ती आद्याक्षरे नवऱ्यांची. आपल्याकडच्या जुन्या निमंत्रणपत्रिकांमधल्या ‘सौ.’सारखाच हा प्रकार, फक्त इथे बाई देशासाठी खेळत होती. संघात येण्यासाठी कौशल्य लागेच, पण त्याआधी लागे ती फुरसत, क्लबचे सभासदत्व आणि आठवडेच्या आठवडे प्रवास झेपेल असे घर. कारकून किंवा शिक्षिका असलेल्या बाईला हे जमण्यासारखे नव्हते.

१९३६ साली स्कॉटलंडच्या ग्लेनइगल्सवर ब्रिटनने पहिल्यांदा सामना वाचवला. शेवटच्या ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या हिरवळीवर, जेसी अँडरसन या पर्थच्या २१ वर्षांच्या मुलीने सुमारे वीस फुटांवरून चेंडू खळग्यात घातला, अमेरिकेच्या चेनीबाईंना एका होलने हरवले आणि सामना ४½–४½ वर थांबला. दुसऱ्या महायुद्धाने दहा वर्षांचा खंड पडला. १९४८ साली रॉयल बर्कडेलवर खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हाही अमेरिकाच वरचढ होती.

ब्रिटनचा पहिला विजय १९५२ चा. ४–४ अशी बरोबरी असताना मैदानावर एकच सामना उरला होता आणि एलिझाबेथ प्राइसने अमेरिकेच्या ग्रेस डीमॉसला नमवून ५–४ चा हिशेब पुरा केला. हा विजय ज्या स्कॉटलंडमधल्या म्यूरफिल्डवर मिळाला, त्या क्लबात एकही बाई सभासद नव्हती. १९८४ साली कर्टिस कप पुन्हा तिथे झाला, तेव्हाही स्थिती तीच. म्यूरफिल्डने महिलांना सभासद करण्याचा ठराव २०१७ साली मंजूर केला, तोही आदल्या वर्षी फेटाळून ब्रिटिश ओपन स्पर्धेचे यजमानपद धोक्यात आल्यावर. पहिल्या महिला सभासद २०१९ मध्ये आल्या. १९८८ चा सामना ज्या रॉयल सेंट जॉर्जेसवर झाला, तिथे ही वेळ २०१५ साली आली. मैदान द्यायचे, दिवाणखाना नाही, असा हा पाहुणचार होता.

पन्नासच्या दशकावर एका खेळाडूची छाप आहे. फ्रान्सिस ‘बंटी’ स्मिथ. १९५६ साली सँडविचच्या प्रिन्सेस मैदानावर शेवटचा सामना तिचा आणि टेक्सासच्या पॉली रायलीचा होता. संघांचे गुण ४–४. बंटीने अखेरच्या होलवर तो जिंकला. दोन वर्षांनी मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रे बर्नला पुन्हा शेवटची जोडी तीच, पुन्हा निकाल या दोघींच्या हाती, आणि पुन्हा बंटीच जिंकली. सामना बरोबरीत सुटला, चषक ब्रिटनकडेच राहिला आणि अमेरिकेच्या भूमीवर न हरता परतलेला हा त्यांचा पहिला संघ ठरला.

पुढचा काळ ब्रिटिशांनी विसरावा असाच. १९६० ते १९८४ सलग तेरा सामने अमेरिकेने जिंकले. १९६४ पासून लढती ३६ ऐवजी १८ होलच्या आणि एकूण गुण १८ झाले, तरी फरक पडला नाही. अमेरिकेकडे जोअ‍ॅन गंडरसन (पुढे कार्नर), अ‍ॅन क्वास्ट सँडर अशा पुन्हा पुन्हा खेळणाऱ्या दिग्गज होत्या. त्यांच्या मागून वेगळ्या घरांतल्या मुली येऊ लागल्या. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींशी भेदभाव करण्याची बंदी केली आणि विद्यापीठांना मुलींच्या खेळांवरही पैसे खर्चावे लागले. १९७६ च्या संघातली नॅन्सी लोपेझ ही न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलची, वडिलांचे गाड्या दुरुस्तीचे दुकान. तिने शिष्यवृत्तीवर टल्सा विद्यापीठात प्रवेश घेतला आणि दोन वर्षांत ती व्यावसायिक गोल्फची राणी झाली. कर्टिस बहिणींच्या घराण्यापासून रॉसवेलच्या दुकानापर्यंतचे हे अंतर कापायला स्पर्धेला चव्वेचाळीस वर्षे लागली. हौशीपणाचा खर्च आता घराण्याऐवजी विद्यापीठे उचलू लागली होती.

१९८६ चा प्रेअरी ड्यून्सचा सामना या इतिहासातला सर्वांत रसाळ. कॅन्सस म्हणजे अमेरिकेचा मध्य, समुद्र शेकडो मैल दूर. पण हचिन्सनजवळच्या या मैदानावर वाळूचे उंचवटे, गुडघाभर गवत आणि सतत वारा आहे. ब्रिटन-आयर्लंडच्या खेळाडूंना ते घरच्या किनाऱ्यासारखे वाटले असणार. ऑगस्टमधला कॅन्ससचा उन्हाळा तेवढा परका. कर्णधार डायन बेली यांच्या संघात पन्नाशीतल्या बेल रॉबर्टसन होत्या. १९६० पासून त्या या चषकाशी जोडलेल्या, खेळाडू म्हणून हरल्या होत्या आणि दोनदा कर्णधार म्हणूनही. डब्लिनच्या मेरी मकेना यांची ही सलग नववी खेप. आधीच्या आठही वेळा पराभव. त्यांच्याबरोबर वीस वर्षांची ट्रिश जॉन्सन आणि घोड्यांच्या पागेत काम केलेली आयर्लंडची लिलियन बेहान. पहिल्याच सकाळी त्यांनी तिन्ही फोरसम जिंकले. वेंटवर्थला अमेरिकेने केले तेच आता त्यांच्या अंगणात त्यांच्यावर उलटले. जॉन्सनने आपले चारही सामने जिंकले आणि अंतिम निकाल १३–५ असा लागला. पुरुष असोत वा महिला, हौशी असोत वा व्यावसायिक, ब्रिटनच्या बाजूच्या कोणत्याही संघाने अमेरिकेत जाऊन असा सामना तोवर जिंकला नव्हता. रायडर कपच्या पुरुषांना हे १९८७ साली जमले, वॉकर कपच्या पुरुषांना १९८९ साली. ब्रिटिश गोल्फच्या पुनरुज्जीवनाची गोष्ट सांगताना पुष्कळदा सुरुवात रायडर कपपासून होते. कालक्रम पाहता तो मान या आठ बायकांचा आहे.

पुढची दहा वर्षे पारडे समतोल राहिले. ब्रिटन-आयर्लंडने १९८८, १९९२ आणि १९९६ चे सामने जिंकले, १९९४ ची बरोबरी चषक राखायला पुरली. नंतर १९९८ ते २०१० सलग सात विजय अमेरिकेचे. त्यांतला २००२ चा सामना एका फटक्यासाठी आठवला जातो. कॅरल सेंपल थॉम्पसन ५३ वर्षांच्या होत्या, विक्रमी बारावा कर्टिस कप खेळत होत्या, आणि मैदान त्यांच्या गावाजवळचे, पिट्सबर्गचे फॉक्स चॅपल. शेवटच्या ग्रीनवर त्यांनी २७ फुटांवरून चेंडू खळग्यात घातला आणि चषक पक्का केला. दोनच वर्षांनी अमेरिकेकडून मिशेल वी खेळली ती चौदाव्या वर्षी. थॉम्पसनबाई आयुष्यभर हौशी राहिल्या. वी सोळाव्या वाढदिवसाच्या सुमारास व्यावसायिक झाली. पूर्वी ही स्पर्धा म्हणजे कारकिर्दीचे शिखर असे. आता ती व्यावसायिक दौऱ्याच्या दारातली पायरी झाली, आणि पुन्हा पुन्हा खेळणाऱ्या बायकांची परंपरा थॉम्पसन यांच्यापाशी थांबली.

२००८ साली सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर सामना तीन दिवसांचा आणि २० गुणांचा झाला. तिथे पाठीच्या कण्यात पोलादी सळई बसवलेल्या अमेरिकेच्या स्टेसी लुइसने पाचही सामने जिंकले. हे त्याआधी कोणाला साधले नव्हते. ब्रिटन-आयर्लंडकडून तोच पराक्रम २०१६ साली आयर्लंडमधल्या डन लेअरीला ब्राँटी लॉने केला. २०१० साली चषक एसेक्स काउंटी क्लबवर, म्हणजे कर्टिस बहिणींच्या माहेरच्या मैदानावर आला, तेव्हा पाहुण्यांच्या संघात लिओना आणि लिसा मॅग्वायर या आयर्लंडच्या पंधरा वर्षांच्या जुळ्या बहिणी होत्या. ब्रिटन-आयर्लंडचा सर्वांत मोठा पराभव २०१८ चा: क्वेकर रिजवर १७–३, शेवटच्या दिवशीच्या आठही एकेरी अमेरिकेच्या.

अमेरिकेच्या यादीतली आडनावेही बदलत गेली. २०१४ साली मरायह स्टॅकहाउस ही संघात आलेली पहिली आफ्रिकन-अमेरिकन महिला, म्हणजे पहिल्या सामन्यानंतर ८२ वर्षांनी. २०२२ आणि २०२४ च्या संघांत न्यू जर्सीत वाढलेली, भारतीय आईवडिलांची मेघा गन्ने होती. २०२१ च्या अमेरिकन महिला ओपनमध्ये सतरा वर्षांच्या या शाळकरी मुलीने पहिल्या दिवशी संयुक्त आघाडी घेतली होती. २०२५ साली ती राष्ट्रीय हौशी विजेती झाली, तेच विजेतेपद जे मार्गारेट कर्टिसने ताईकडून घेतले होते.

हौशीपणाचा नियमही सैल झाला. १ जानेवारी २०२२ पासून हौशी खेळाडूंना जाहिराती आणि प्रायोजकांकडून पैसे घेण्याची मोकळीक मिळाली. त्या वर्षीच्या मेरियनच्या सामन्यात खेळलेल्या अमेरिकेच्या रोझ झँगने हौशी असतानाच आदिदासशी करार केला. बक्षिसाच्या रकमेवर मर्यादा आहे, नावाच्या किमतीवर नाही. ब्रिटनकडूनही आता बऱ्याच मुली अमेरिकन विद्यापीठांच्या संघांतून येतात, ब्राँटी लॉ कॅलिफोर्नियात शिकली, लॉटी वोड फ्लोरिडात. त्यामुळे समोरासमोर उभ्या राहणाऱ्या मुली वर्षभर एकाच स्पर्धांत खेळलेल्या असतात.

२०२४ चा सामना सनिंगडेलवर झाला, १९३० च्या त्या अनौपचारिक लढतीच्याच क्लबवर. आधीचे तीन सामने हरलेल्या ब्रिटन-आयर्लंडने तो १०½–९½ असा जिंकला. कर्णधार कॅट्रिओना मॅथ्यू नव्वदच्या दशकात स्वतः हा चषक खेळल्या होत्या आणि व्यावसायिक महिलांच्या सोल्हाइम कपमध्ये युरोपच्या कर्णधार म्हणून दोनदा विजयी झाल्या होत्या.

चषकावर कोरलेला ‘अनेक देशां’चा हेतू इतर चषकांनी उचलला. फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यातली १९३१ पासूनची व्हॅग्लियानो करंडकाची लढत १९५९ साली युरोप खंडाच्या संघासाठी खुली झाली. आणि १९६४ मध्ये पॅरिसजवळच्या सेंट जर्मेनला एस्पिरितो सांतो करंडकाची, म्हणजे महिलांच्या जागतिक हौशी सांघिक विजेतेपदाची, पहिली स्पर्धा झाली. यजमान फ्रान्सने ती एका फटक्याने जिंकली. दुसरा क्रमांक अमेरिकेचा.