माशाला गोड-खारट चकाकी: घरच्या घरी साधं ग्लेझ



आज मासा करायचा आहे. पण नेहमीचं आंबट-तिखट कालवण नाही, आणि रव्यात घोळवून तळलेली तुकडीही नाही. आज माशावर ग्लेझ चढवायचं आहे. ग्लेझ म्हणजे गोड आणि खारट चवीचा दाटसर पाक. तो शिजलेल्या तुकडीवर पातळ थरानं बसतो आणि तुकडी लाखेसारखी चकाकते. सामान सहा-सात वस्तूंचं आणि वेळ पंचवीस मिनिटांचा. तिखट अजिबात नसल्यामुळे नातवंडंही खातात आणि ज्यांच्या पोटाला आता मसाला सोसत नाही तेही खातात.

गोड मासा म्हटल्यावर आपल्यापैकी बरेच जण नाक मुरडतात. पण आमटीत आमसूल आणि गुळाचा खडा आपण घालतोच. पारशी घरांत ‘सास नी मच्छी’ होते, त्यात व्हिनेगर आणि साखर दोन्ही असतात. बंगाली मंडळी दही-माशात चिमूटभर साखर घालतात. म्हणजे माशाला गोडाचं वावडं नाही, प्रमाण तेवढं जमायला हवं.

ही पद्धत कुठली?

या प्रकाराचं सगळ्यात प्रसिद्ध रूप जपानचं आहे, तेरियाकी. ‘तेरी’ म्हणजे चकाकी आणि ‘याकी’ म्हणजे भाजणं. तिथल्या घरांत हिवाळ्यात ‘बुरी’ नावाचा तेलकट समुद्री मासा असा करतात. त्यांच्या पाकात चार गोष्टी असतात: सोया सॉस, साखर, ‘साके’ ही तांदळाची दारू आणि ‘मिरिन’ हे तांदळाचंच गोड मद्य. मिरिन आपल्याकडे सहज मिळत नाही आणि मिळालं तर महाग पडतं. त्याचं गोडपणाचं आणि चकाकीचं काम आपला गूळ चांगलं करतो.

सोया सॉस मात्र नुसतं मीठ म्हणून घालायचा नसतो. सोयाबीन आणि गहू आंबवून तो तयार होतो आणि त्या आंबवण्यात ग्लुटामेट तयार होतं. किकुने इकेदा या जपानी शास्त्रज्ञानं १९०८ साली समुद्री शेवाळाच्या रश्शातून हेच ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला ‘उमामी’ असं नाव दिलं. गोड, खारट आणि उमामी एकत्र आले की गोड फार गोड लागत नाही आणि खारटही बोचत नाही.

एकच नियम लक्षात ठेवा

ग्लेझनं मासा शिजवायचा नसतो. मासा आधी शिजतो, ग्लेझ शेवटच्या दीड मिनिटात चढतं.

हा क्रम का, ते सांगतो. पाकात पाणी आहे तोवर त्याचं तापमान शंभर अंशांच्या आसपास राहतं. पाणी उडालं की ते झपाट्यानं चढतं. साखर साधारण १६० ते १७० अंशांना तांबूस होते, आणि त्यापुढे गेली की काळी आणि कडू. तापलेला तवा सहज दोनशेच्या वर असतो. आपल्या सवयीप्रमाणे मासा आधीच गोड पाकात मुरवून तव्यावर टाकला, तर बाहेरून गूळ जळतो आणि आतली तुकडी कच्ची राहते. मग आपण आच कमी करतो, माशाला पाणी सुटतं आणि शेवटी हाती येतो काळपट, कडू लगदा. मासे महाग असताना हे परवडणारं नाही.

मासा कोणता घ्यायचा?

आपले श्रोते देशभर आहेत, म्हणून नावांपासून सुरुवात करतो. सुरमई चेन्नईत ‘वंजरम’ या नावानं मिळते, मंगळुरूकडे ‘अंजल’, तर केरळात ‘नेय्मीन’. बांगड्याला केरळात ‘अयला’ म्हणतात आणि मंगळुरूकडे ‘बंगुडे’. सुरमई, रावस, बांगडा हे मासे या पाकासाठी उत्तम, कारण त्यांची स्वतःची चव पाकासमोर टिकते. कोलकात्यात असाल तर भेटकी घ्या. दिल्ली, भोपाळ, हैदराबादकडे रोहू आणि कटला सहज मिळतात. तेही चालतात, पण काटे बारीक असतात, म्हणून मुलांना देताना जपून. काहीच नाही मिळालं तर गोठवलेले बासाचे काप आहेतच. ते फार नाजूक आणि पाणीदार असतात, तेव्हा उलटताना रुंद उलथनं वापरा.

गोठवलेला मासा आदल्या रात्री फ्रीजरमधून काढून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. ओट्यावर उघडा ठेवून वितळवू नका. बाहेरचा भाग गरम होऊन खराब व्हायला लागतो, तेव्हा आत अजून बर्फ असतो.

सामान, चार जणांसाठी

माशाच्या चार तुकड्या, मिळून अर्धा किलो, जाडी दोन ते अडीच सेंटीमीटर. सोया सॉस २ मोठे चमचे, म्हणजे ३० मिली. किसलेला गूळ २ मोठे चमचे, साधारण २५ ग्रॅम. पाणी ४ मोठे चमचे. आल्याचा रस १ लहान चमचा. लसणाच्या २ पाकळ्या ठेचून. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर १ लहान चमचा. तेल १ मोठा चमचा. घरात दोघंच असाल तर सगळं निम्मं करा.

मीठ यादीत नाही, ते मुद्दाम. त्याबद्दल पुढे बोलतो.

पाक

लहान कढल्यात सोया सॉस, गूळ, पाणी, आलं आणि लसूण एकत्र करा. मंद आचेवर गूळ विरघळू द्या. गुळात कचरा वाटला तर आत्ताच गाळून घ्या. मग चार-पाच मिनिटं उकळून साधारण निम्मा होऊ द्या. चमचा बुडवून उलटा धरा आणि पाठीवरून बोट फिरवा. बोटाची रेघ तशीच राहिली की पाक झाला. चिक्कीचा किंवा लाडवाचा पाक करणाऱ्यांना इथे हात आवरावा लागेल, तार येईपर्यंत थांबायचं नाही. हा पाक गार झाल्यावर आणखी घट्ट होतो आणि तव्यावर पुन्हा आटणार आहे. गॅस बंद करून मग लिंबाचा रस घाला.

घाईत कॉर्नफ्लोअर लावून दाटपणा आणता येतो, पण ती चकाकी वेगळी, हॉटेलच्या ग्रेव्हीसारखी. आटवून आलेली चकाकी जास्त स्वच्छ दिसते.

मासा

तुकड्या धुऊन कापडानं किंवा कागदी रुमालानं अगदी कोरड्या टिपून घ्या. या पायरीला कंटाळू नका. ओली तुकडी तव्यावर भाजली जात नाही, वाफेवर शिजते. मग रंग येत नाही आणि पाकही धरत नाही.

तवा मध्यम-मोठ्या आचेवर तापवा, तेल पसरा. सालीची बाजू खाली करून तुकड्या ठेवा आणि तीन-चार मिनिटं हलवू नका. रंग आला की तुकडी तव्यापासून आपोआप सुटते. सुटत नसेल तर अजून वेळ आहे. उलटून आणखी दोन-तीन मिनिटं. तुकडी जाड असेल तर झाकण ठेवून एखादं मिनिट जास्त. काटा टोचल्यावर मांसाचे पदर सुटे झाले आणि आतला काचेसारखा पारदर्शकपणा जाऊन ते दुधी दिसलं, की मासा शिजला. घरात अन्नाचा थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ६३ अंश सेल्सिअस हवं.

आता तव्यातलं जास्तीचं तेल कागदी रुमालानं टिपून घ्या. तेलाच्या थरावर पाक घसरतो. आच मंद करा, पाक ओता आणि चमच्यानं पुन्हा पुन्हा तुकड्यांवर घाला. आधी बारीक फेस येतो, मग बुडबुडे मोठे आणि संथ होतात. तिथेच गॅस बंद. एक ते दीड मिनिट, बस. गरम भात, काकडीची कोशिंबीर, वर भाजलेले तीळ आणि पातीचा कांदा. एवढं जेवण पुरेसं होतं.

कच्चा मासा ज्या पाकात बुडवला असेल किंवा कच्च्या माशाला लावलेला ब्रश ज्यात बुडला असेल, तो पाक नीट उकळल्याशिवाय वरून वाढू नका. सोपा उपाय म्हणजे कच्च्या माशाला पाक लावायचाच नाही. आपल्या क्रमात तसंही तेच आहे.

मिठाचा हिशेब

माझ्या वयाच्या मंडळींनी हा भाग नीट ऐकावा. एका मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्ये साधारण ९०० मिलीग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला प्रौढांनी दिवसभरात २००० मिलीग्रॅमच्या आत राहण्याचा आहे, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ. आपल्या पाकात दोन चमचे सॉस, चार जणांत वाटल्यावर प्रत्येकी ४५० मिलीग्रॅम. एवढं जमण्यासारखं आहे. पण सवयीनं माशाला मीठ चोळलं, वर पापड-लोणचं घेतलं, तर दिवसाचा कोटा एका ताटात संपतो. म्हणून त्या जेवणात मासा हेच खारट, बाकी सगळं अळणी किंवा कमी मिठाचं.

बाटलीवर ‘लाइट’ लिहिलं असेल तर फसू नका. सोया सॉसच्या बाबतीत तो शब्द रंगाबद्दल आणि पातळपणाबद्दल असतो. लाइट सॉस बऱ्याचदा डार्कपेक्षा जास्तच खारट निघतो. बाटलीमागचा सोडियमचा आकडा वाचा. रक्तदाब जास्त असेल तर एकच चमचा सॉस घ्या, पाणी पाच चमचे करा आणि आलं-लिंबू वाढवा. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं, तेव्हा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच वापरावं. मधुमेहींसाठी सांगतो, गूळ ही साखरच आहे. इथे माणशी सहा ग्रॅमच्या आसपास पडते, ती दिवसाच्या हिशेबात धरा. गव्हाचं पथ्य असेल तर साधा सोया सॉस चालणार नाही.

सोया सॉस नको असेल तर

पाच-सहा आमसुलं अर्धी वाटी कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवून पिळून घ्या. त्या पाण्यात दोन मोठे चमचे गूळ, अर्धा लहान चमचा मीठ, आलं आणि चिमूटभर मिरपूड घालून तसंच आटवा. लिंबू लागत नाही. उमामी कमी, पण रंग सुंदर गडद येतो आणि बांगड्यावर हा पाक फार छान लागतो. घरात शाकाहारी कोणी असेल तर यातलाच कुठलाही पाक पनीरच्या किंवा वांग्याच्या भाजलेल्या कापांवर याच क्रमानं चढवा.

पाक उरला तर काचेच्या स्वच्छ बरणीत फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो. पुढच्या वेळी फक्त मासा भाजायचा.

थोडक्यात: कोरडा मासा, तापलेला तवा, आधी शिजवणं, शेवटी पाक, आणि वरून मीठ नाही. या रविवारी करून बघा, आणि तुमच्या गावात कोणता मासा वापरलात ते जरूर कळवा.

जय हिंद.