वाळूवर टेकलेली कुरसुरा

निवृत्त युद्धनौकेवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मुंबईकर म्हणून आधी जुनी विमानवाहू विक्रांत आठवली. पण तिला पाहायला आता जाणार कुठे? म्हणून विशाखापट्टणमची गाडी धरली.

तिथल्या रामकृष्ण बीचवर, रस्त्याला लागूनच, ९१ मीटर लांबीची काळी पाणबुडी काँक्रीटच्या पायावर बसली आहे. आयएनएस कुरसुरा. १८ डिसेंबर १९६९ रोजी सोव्हिएत संघातल्या रीगा बंदरात ती नौदलात दाखल झाली. १९७१च्या युद्धात ती अरबी समुद्रात गस्तीवर होती. २७ फेब्रुवारी २००१ला निवृत्त होईपर्यंत तिने ७३,५०० सागरी मैल कापले होते. ऑगस्ट २००२पासून ती संग्रहालय आहे.

आत माहिती सांगायला निवृत्त नौसैनिक आहेत. आम्हाला भेटलेल्या काकांनी उमेदीची वर्षं पाणबुडीतच काढली होती. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल, बुटकी दारं आहेत. आम्ही डोकी आणि गुडघे सांभाळत घुसत होतो. काका मात्र वरची दांडी धरून एका झोक्यात पलीकडे उतरत. साठी ओलांडलेलं ते शरीर त्या दाराच्या मापाचंच झालेलं होतं.

डिझेल इंजिनांपाशी ते सर्वांत जास्त रेंगाळले. इंजिनाला हवा लागते आणि पाण्याखाली हवा नाही. म्हणून खोलवर सगळा कारभार पायाखालच्या बॅटऱ्यांवर. त्या उतरल्या की पृष्ठभागाजवळ येऊन स्नॉर्केलची नळी वर काढायची, हवा ओढायची, इंजिनं सुरू करून बॅटऱ्या भरायच्या. पाणबुडीचा सगळ्यात धोक्याचा वेळ हाच, कारण इंजिनांचा आवाज आणि पाण्यावरची नळी शत्रूला ठावठिकाणा सांगतात. त्यातच बॅटऱ्या भरताना हायड्रोजन सुटतो. तो साचू दिला तर एक ठिणगी पुरे. डिझेलचा वास, घाम, पाळीपाळीने वापरायची झोपायची फळी, मोजून मिळणारं गोडं पाणी. हे सगळं काका शांतपणे सांगत होते, आणि बोलता बोलता त्यांचा अंगठा प्रत्येक सांध्यावरून फिरत होता.

आधी वाटलं, जुन्या घराच्या भिंतीवरून फिरवावा तसा मायेने फिरवतायत. मग लक्षात आलं, ते गंज शोधतायत.

पाण्यातल्या जहाजाच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात. पोलादाऐवजी ते झिजतात आणि पोलाद वाचतं. पण त्यासाठी भोवती समुद्राचं पाणी हवं. वाळूवर आलेल्या पाणबुडीला ते संरक्षण उरत नाही. खारा वारा आणि दमट हवा तेवढी उरते. शिवाय कुरसुराला दोन कवचं आहेत. त्यांच्या मधल्या पोकळीत जिथे हात पोचत नाही, तिथे ओल टिकते. बाहेरून रंग चकचकीत दिसत असताना आतला पत्रा पातळ होत जातो. धोका वादळाचाही असतो; ऑक्टोबर २०१४चं हुदहुद वादळ याच शहरावरून गेलं. वादळ दिसतं तरी. गंजाचा आवाज येत नाही.

विक्रांतचं हेच झालं. १९९७ला निवृत्त झाल्यावर मुंबईत तिचं संग्रहालय झालं, २०१२मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून ते बंद पडलं आणि २०१४मध्ये दारूखाना इथल्या जहाजफोडीच्या धक्क्यावर तिच्यावर गॅसकटर चालले. तिच्याबद्दल अभिमान कुणाला नव्हता? मलाही होता. पण अभिमानाने पत्रा राखला जात नाही. त्याला खरवडणं लागतं, रंग लागतो, दरवर्षी त्यासाठी बाजूला काढलेला पैसा लागतो. आणि काकांसारखी माणसं लागतात, जी आता म्हातारी होतायत. कुरसुराच्या पिढीतल्या पाणबुड्या गेल्या. त्यांत राबलेले हातही उद्या नसतील. मग हा अंगठा कोण फिरवणार, ही काळजी मला आतमध्ये फिरताना सोडत नव्हती.

शेवटच्या कप्प्यात, टॉर्पेडोच्या नळ्यांपाशी, काकांचा अंगठा एकदम थांबला. त्यावर तांबूस भुकटी होती. पर्यटकांना पुढे जायला सांगून त्यांनी खिशातून छोटी वही काढली, कप्पा आणि सांधा लिहून ठेवला, अंगठा रुमालाला पुसला आणि पुढच्या गटासाठी परत पहिल्या दाराकडे निघाले.