पिंप रिकामं ठेवायचं नसतं

स्ट्रासबर्गच्या मोठ्या सरकारी इस्पितळाच्या आवारात शिरलं की सगळं ओळखीचं वाटतं. व्हीलचेअर ढकलणारे नातेवाईक, घाईत चाललेले डॉक्टर, हातात तपासण्यांची पाकिटं घेऊन योग्य इमारत शोधणारी माणसं. याच आवारातल्या जुन्या इमारतीखाली, काही पायऱ्या उतरून गेल्यावर, वाइनचं तळघर आहे. १३९५ मध्ये ते सुरू झालं. तेव्हापासून शहर चार-पाच वेळा या राज्यातून त्या राज्यात गेलं, वरचं इस्पितळ जळून पुन्हा उभं राहिलं. खाली वाइन मुरतच राहिली.

संपादकांनी मला स्ट्रासबर्ग आणि त्याच्या भोवतालचा अल्सासचा द्राक्षपट्टा यांवर लिहायला सांगितलं होतं. शहर एकीकडे, मळे दुसरीकडे. दोन्हींची गाठ कुठे पडते हे शोधताना या तळघराचं नाव पुढे आलं, आणि मग बाकीची यादी मागे पडली.

शहराबद्दल थोडक्यात सांगायला हवं. ऱ्हाइन नदीच्या काठावरचं हे फ्रान्सचं सीमेवरचं शहर. पलीकडच्या काठावर जर्मनीतलं केल. २०१७ पासून तिथे थेट ट्राम जाते. एवढ्या सोप्या झालेल्या या सीमेने मागच्या पिढ्यांना मात्र फार छळलं. १६८१ मध्ये चौदाव्या लुईने शहर फ्रान्सला जोडलं. १८७० च्या वेढ्यात प्रशियाच्या तोफांनी ते भाजून काढलं, १८७१ मध्ये ते जर्मन साम्राज्यात गेलं, १९१८ मध्ये परत फ्रान्समध्ये आलं, १९४० मध्ये नाझींनी गिळलं आणि २३ नोव्हेंबर १९४४ रोजी जनरल लक्लेरच्या सैन्याने सोडवलं. गुलाबी वालुकाश्मातलं कॅथीड्रल, त्याचा १४२ मीटर उंचीचा एकुलता एक मनोरा, इल नदीच्या फाट्यांनी वेढलेलं जुनं शहर हे सगळं सुंदर आहे आणि त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे.

इस्पितळाला वाइनचं तळघर कशासाठी? मध्ययुगात इस्पितळ म्हणजे आजाऱ्यांइतकंच निराधारांचं, म्हाताऱ्यांचं, यात्रेकरूंचं आसरास्थान. तिथे मरणाऱ्या किंवा बऱ्या होणाऱ्या माणसांनी, पुण्य पदरी पडावं म्हणून, शेतं आणि द्राक्षमळे इस्पितळाच्या नावे केले. शतकाशतकाला ही मालमत्ता वाढत गेली. मळे आले म्हणजे वाइन आली, आणि ती साठवायला तळघर आलं. तेव्हा वाइन हे अन्नही मानलं जाई आणि औषधही. रुग्णांना आणि सेवकांना ती रोजच्या जेवणासोबत मिळे.

या तळघरात एका लोखंडी जाळीमागे १४७२ ची पांढरी वाइन आहे, पिंपात राहिलेली जगातली सर्वांत जुनी वाइन म्हणून तिची ख्याती आहे. इतक्या वर्षांत ती फक्त तीनदा पाहुण्यांना दिली गेली. पहिल्यांदा १५७६ मध्ये, झुरिकहून आलेल्या पाहुण्यांना. झुरिकच्या लोकांना दाखवून द्यायचं होतं की मित्र-शहरावर संकट आलं तर आपण एका दिवसात मदतीला पोहोचू शकतो. त्यांनी घरून भगराची खीर शिजवून एका भांड्यात घेतली, नावेत बसले आणि नदीच्या प्रवाहाबरोबर वल्हवत स्ट्रासबर्गला आले. खीर अजून गरम होती. मदतीचा तो शब्द नुसता मिरवण्यापुरता राहिला नाही. १८७० च्या वेढ्यात स्विस शहरांचे प्रतिनिधी खरोखरच आले आणि त्यांनी बायकामुलांना तोफांच्या माऱ्यातून बाहेर काढलं. दुसऱ्यांदा ही वाइन निघाली १७१६ च्या आगीनंतर, इस्पितळ नव्याने बांधायला घेतलं तेव्हा. तिसऱ्यांदा १९४४ मध्ये, शहर सोडवणाऱ्या लक्लेरसाठी.

तिचं लाकूडही म्हातारं झालं. १७१८ चं पिंप गळू लागल्यावर वाइन काही काळ पोलादी टाकीत काढून ठेवली आणि जानेवारी २०१५ मध्ये नव्या ओकच्या पिंपात भरली. लाकडातून उडून जाणारी तूट वेळोवेळी दुसऱ्या वाइनने भरावी लागते, म्हणजे आत आहे ते सगळंच १४७२ चं नाही. तरीही १९९४ मध्ये तपासणी झाली तेव्हा त्यात ९.४ टक्के अल्कोहोल सापडलं. ती अजून वाइनच आहे.

येणारे बहुतेक पाहुणे या जाळीपुढे फोटो काढतात आणि परत फिरतात. मला मात्र बाजूच्या रांगांनी थांबवलं. कमानीखाली दोन्ही बाजूंना माणसाच्या दुप्पट उंचीची लाकडी पिंपं उभी आहेत. इथे त्यांना फूद्र म्हणतात. अठराव्या, एकोणिसाव्या शतकातली कितीतरी, आणि सगळ्यात मोठ्याची क्षमता २६,०८० लिटर. ही पिंपं प्रदर्शनात मांडलेली नाहीत, भरलेली आहेत. पुढच्या बाजूला खडूने किंवा पाटीवर आतल्या वाइनचं नाव लिहिलेलं: रिस्लिंग, सिल्व्हानर, गेवुर्त्सट्रामिनर.

फूद्रला ना खिळा, ना डिंक. ओकच्या जाड फळ्या आगीवर आणि ओलाव्यात वाकवून शेजारी शेजारी बसवतात आणि लोखंडी पट्ट्यांनी आवळतात. वाइन आत गेली की लाकूड फुगतं आणि फटी आपोआप मिटतात. पुढच्या बाजूला तळाशी एक लहान दार असतं, जेमतेम खांदे तिरपे करून आत जाता येईल एवढं. माझं लक्ष त्या दारावरून हटेना.

ते दार बाहेरून लावलेलं दिसतं, पण असतं आतून बसवलेलं. त्याच्या कडा तिरप्या कापलेल्या असतात, आतल्या बाजूला रुंद आणि बाहेर अरुंद. बाहेर एक आडवी लाकडी पट्टी आणि मधोमध मोठा स्क्रू, तो फिरवला की दार आपल्याकडे ओढलं जातं. स्क्रूचं काम एवढंच. एकदा पिंप भरलं की आतल्या हजारो लिटर वाइनचं वजन दाराला बाहेर रेटतं आणि तिरप्या कडा चौकटीत अधिकच घट्ट बसतात. आपल्याकडे आतून बसणाऱ्या झाकणाचा कुकर असतो, त्यात वाफ जितकी कोंडते तितकं झाकण पक्कं होतं, अगदी तसंच. उरलेल्या केसाएवढ्या फटीत बोटाने जनावराची चरबी भरतात. चौकटीवर हात फिरवला तर चरबीचा तो थर अजून बोटाला लागतो. त्या जागी रबर किंवा रासायनिक लेप नाही. गळतीचा सगळा बंदोबस्त तिरप्या कडेचा आणि चरबीचा.

पिंप रिकामं झालं की याच दारातून माणूस आत शिरतो. आधी एक हात, मग डोकं, मग तिरपा खांदा. पूर्वी आधी जळती मेणबत्ती आत धरत. ज्योत विझली तर आत विषारी हवा साचली आहे, म्हणून थांबायचं. आत भिंतींवर वाइनमधल्या आम्लाचे चमकदार खडे जमलेले असतात. हा थर वाइनला लाकडापासून वेगळा ठेवतो. म्हणून इथल्या वाइनला ओकचा वास लागत नाही. नवीन लहान पिंपांतल्या वाइनला व्हॅनिलाचा, भाजलेल्या लाकडाचा गंध चढतो. इथे जुनं लाकूड हवेची फक्त बारीकशी झुळूक आत घेतं आणि द्राक्षाची चव जशीच्या तशी राहू देतं. पण थर फार जाड झाला तर लाकडाचा श्वासच बंद होतो, म्हणून तो ब्रशने आणि पाण्याने झिजवावा लागतो. नेमका किती, हे हातांना कळतं.

आणि एक अट. फूद्र रिकामं ठेवायचं नसतं. रिकामं राहिलं तर लाकूड सुकतं, फळ्या आकसतात, फटी उघडतात. ओल राहिली तर बुरशी धरते. गंधकाची वात जाळून काही दिवस काढता येतात, पण पिंपाला खरं जपायचं तर त्यात वाइन हवी. पुढच्या हंगामाची वाइन हाच त्याचा देखभाल-खर्च.

हीच गोष्ट संपूर्ण तळघराला लागू पडली. १९९० च्या दशकात इस्पितळाला तळघर परवडेना. आधुनिक इस्पितळात वाइनचं काम उरलं नव्हतं, तोटा वाढत होता, बंद करायचं जवळजवळ ठरलं होतं. तेव्हा अल्सासच्या द्राक्षउत्पादकांनी हात पुढे केला. १९९६ पासून ते आपापल्या मळ्यांतली वाइन इथे आणतात. आधी चाखून तिची निवड होते, मग काही महिने ती या पिंपांत मुरते आणि इस्पितळाचं नाव असलेल्या लेबलखाली बाटलीत जाते. वर्षाला लाखाहून अधिक बाटल्या. त्यातून येणारा पैसा वैद्यकीय उपकरणांसाठी वापरतात. फ्रान्समधल्याच बोन गावच्या प्रसिद्ध इस्पितळाचे स्वतःचे मळे आहेत आणि १८५९ पासून त्यांच्या वाइनचा लिलाव होतो. स्ट्रासबर्गमध्ये वाइन उत्पादकांची, पिंपं इस्पितळाची. मला ही भागीदारी अधिक आवडली. यात दोघांनाही दरवर्षी एकमेकांची गरज लागते.

ही वाइन जिथून येते तो पट्टा शहराच्या पश्चिमेला सुरू होतो. उत्तरेकडच्या मार्लेनहाइमपासून दक्षिणेकडच्या थानपर्यंत, व्होज डोंगरांच्या पायथ्याला धरून, सुमारे १७० किलोमीटरचा वाइन-मार्ग १९५३ मध्ये आखला गेला. डोंगर पश्चिमेचा पाऊस अडवतात, त्यामुळे मळ्यांवर पावसाची छाया असते. जवळचं कोलमार फ्रान्समधल्या सर्वांत कोरड्या शहरांपैकी एक. गावं लहान, घरं लाकडी पट्ट्यांची, आणि गावाच्या शेवटच्या घराला लागून वेली. मिटेलबेर्गहाइममध्ये उतारावर उभं राहिलं की खाली ऱ्हाइनचं मैदान आणि पलीकडे जर्मनीतले काळ्या जंगलाचे डोंगर दिसतात. मात्र या वेलींजवळ उभं राहिल्यावर तळघरातली निश्चिंती टिकत नाही.

अल्सासमध्ये आता द्राक्षांची तोडणी पन्नास वर्षांपूर्वीपेक्षा काही आठवडे आधी होते. साखर लवकर चढते, आम्लता लवकर उतरते, आणि रिस्लिंगचा सगळा कणा आम्लतेत असतो. थंडीमुळे एकेकाळी इथे फिकट राहणारी पिनो न्वारची लाल द्राक्षं आता छान पिकतात. २०२२ च्या हंगामापासून पिनो न्वारला दोन ठिकाणी सर्वोच्च ग्रां क्रू दर्जा मिळाला. उत्पादकांसाठी ही चांगली बातमी असली तरी तिच्यामागचं कारण काळजीचं आहे. दुसरीकडे २०२१ च्या ओल्या उन्हाळ्यात नाशिकचे बागायतदार ज्याला डाउनी म्हणतात त्या रोगाने इथले मळे झोडपले. दुष्काळ आणि अतिवृष्टी आलटून पालटून येऊ लागली, तर तळघरात आणायला निवडक वाइन उरेल का, हा प्रश्न खराच आहे.

पिणाराही कमी होतो आहे. १९६० च्या सुमारास फ्रान्समध्ये माणशी वर्षाला शंभर लिटरहून जास्त वाइन संपत असे. आज त्याच्या निम्म्याहूनही कमी. तरुण मंडळी बिअर, कॉकटेल पितात, किंवा पीतच नाहीत. सिल्व्हानरसारख्या साध्या, रोजच्या जेवणातल्या वाइनला याचा फटका आधी बसतो, आणि तिच्या वेली उपटून दुसऱ्या लावल्या जातात.

सगळ्यात अवघड प्रश्न इस्पितळाचाच आहे. याच शहरात १८८९ मध्ये मिन्कोव्स्की आणि फोन मेरिंग यांनी मधुमेहाचा स्वादुपिंडाशी असलेला संबंध दाखवून दिला. मद्य त्याच स्वादुपिंडाला सुजवतं, यकृताला जाळतं, कर्करोग ओढवून आणतं, हे वरचे डॉक्टर रोज रुग्णांना सांगतात. अशा संस्थेने वाइनच्या बाटलीवर आपलं नाव छापावं का? मला वाटतं, हा विरोधाभास लपवण्यात अर्थ नाही. तळघर राखायचं असेल तर ते औषधाच्या नावाने नको, कारागिरीच्या नावाने राखावं, आणि बाटलीतून आलेल्या पैशाचा मोठा वाटा मद्यपाशातून माणसं सोडवणाऱ्या विभागाला उघडपणे द्यावा. सहाशे वर्षं तळघर राखलेल्या इस्पितळाला एवढा प्रामाणिकपणा शोभेल.

उरला प्रश्न हातांचा. मोठी फूद्र बांधणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर थोडेच उरले आहेत. लहान पिंपांना जगभर गिऱ्हाईक आहे, या राक्षसी पिंपांना नाही. पोलादी टाकी नळीने धुता येते, तिच्यात कुणाला शिरावं लागत नाही. फूद्रमध्ये मात्र अजूनही शिरावंच लागतं. १४७२ ची वाइन जाळीमागे सुरक्षित आहे. तिच्यासाठी नवं पिंप झालं, गरज पडली तर आणखी एक होईल. या मोठ्या रांगांना तसं जाळीमागे ठेवून भागणार नाही. त्यांना दर शरदात नवी वाइन हवी, आणि खांदा तिरपा करून त्या दारातून आत जायला तयार असलेलं कुणीतरी तरुण माणूस हवं. फ्रान्सने वारसा म्हणून पैसा खर्च करायचा असेल, तर पहिला खर्च त्या माणसाच्या शिकण्यावर व्हावा.